दुभाष्याची तिसरी भाषा

वसई हे तहांचे गाव. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने ती पोर्तुगीजांच्या हवाली केली. 1802 च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने इथेच इंग्रजांशी तह केला. ही साले मी वर्गात मुलांकडून घोकून घेतो. पण ही परकी माणसे एकमेकांशी बोलली कोणाच्या तोंडाने, हे क्रमिक पुस्तकात नसते. दुभाष्या पडद्याआडच राहतो.

म्हणून वाचकांना एका दुभाष्याची, खरे तर दुभाषिणीची, हकीकत सांगतो. गुंथर सोंथायमर (1934–1992) हे हायडेलबर्ग विद्यापीठातले जर्मन पंडित. पंडिताने पोथ्यांत रमावे ही आपली रीत. हा गृहस्थ धनगरांत जाऊन ओव्या ऐकत बसे! बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्यांचा ग्रंथ 1976 साली निघाला, तो जर्मन भाषेत. ज्या मुलुखाची ही दैवते, तिथल्या शिकल्यासवरल्यांनाही तो कुलूपबंदच.

किल्ली मिळायला तेरा वर्षे लागली. जर्मनचे इंग्रजी करणारे जगात थोडे का आहेत? पण इथे नुसत्या कोशावर भागणारे नव्हते. ‘वाडा’ हा साधा शब्द घ्या. आपल्या डोळ्यांपुढे शनिवारवाडा उभा राहतो. धनगराच्या डोळ्यांपुढे माळावर मेंढरांसह पडलेला मुक्काम. खंडोबाची म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. या सवतींचे भांडण म्हणजे पेठेचे नि माळरानाचे भांडण, असे मी समजतो. हे ज्याला उमगत नाही, त्याचे व्याकरण बिनचूक उतरेल. बाणाई मात्र मागेच राहील.

हे काम केले ॲन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषींनी. महानुभावांची जुनी मराठी त्यांच्या अभ्यासातली. गोविंदप्रभूंच्या चरित्राचे त्यांचे इंग्रजी भाषांतर 1984 सालीच आले होते. सोंथायमरांचा ग्रंथ त्यांनी इंग्रजीत आणला, तो 1989 साली ऑक्सफर्डने छापला. जर्मन आणि इंग्रजी यांच्यामध्ये उभे राहायला मराठी लागली ती अशी.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, जर्मनचा गंध नाही. ते इंग्रजी कोश उशाशी घेऊनच वाचले. आपल्या खंडोबाला भेटायला दोन समुद्र ओलांडावे लागले, याची चुटपुट लागते खरी. पण भेट झाली हे काय थोडे?

पुढे 2014 साली धनगरांच्या दोन मौखिक कथा इंग्रजीत आल्या. या खेपेस फेल्डहाउसबाईंच्या जोडीला रामदास अटकर आणि राजाराम झगडे होते, आणि पुस्तकावर तिघांचीही नावे आहेत.