रुमालाखालचा सौदा, मोबाईलवरची गाडी

मोबाईलवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळताना एक जाहिरात सारखी समोर येते. चकाचक ॲक्टिवा, दोन-तीन वर्षं वापरलेली, किंमत फक्त २२ हजार. खाली ओळ असते, "मी आर्मीत आहे, बदली झाली आहे, अर्जंट विकायची आहे." नवी गाडी घ्यायची ऐपत नाही, आणि बांबवड्याहून किंवा मलकापुरातून रोज कामाला जायला एसटीच्या वेळा जुळत नाहीत, अशा पोराला ही जाहिरात म्हणजे देवच पावल्यासारखी वाटते. तो फोन लावतो. पुढं काय होतं ते आता बहुतेकांनी ऐकलेलं आहे. तरी माणसं फसतातच, आणि फसलेल्याला आपण "अक्कल गहाण टाकली होती काय?" असं विचारून मोकळे होतो.

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. आपल्या आज्या-पणज्यापेक्षा आपली अक्कल कमी झालेली नाही. त्यांच्या सौद्यात जी माणसं मध्ये उभी असायची, ती आपल्या सौद्यातून निघून गेली आहेत. हे नीट समजायला जरा मागं जावं लागेल. पोस्ट मोठी आहे, पण घरात कोणी जुनी गाडी घेणार किंवा विकणार असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आपल्याकडं सेकंडहँड मालाचा सगळ्यात जुना बाजार म्हणजे जनावरांचा बाजार. पेठ वडगावचा बाजार आपल्या जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. बैल घेणारा शेतकरी आधी बैलाचे दात बघायचा. आदत, दुसा, चौसा, जुळलेला, हे शब्द शर्यतीच्या नादामुळं आजच्या पोरांनाही पाठ आहेत. दात म्हणजे बैलाची जन्मतारीख, ती मालकाच्या सांगण्यावर ठरत नव्हती. मग बैल चालवून बघायचा, खूर बघायचे, खांदा चाचपायचा. सोबत गावातला एखादा जाणता माणूस असायचाच. सौदा जमला की इसार द्यायचा, तोही चार माणसांसमोर. मग पावती, आणि उरलेले पैसे दावं हातात आल्यावर. पैसा सगळ्यात शेवटी, हा क्रम ध्यानात ठेवा.

म्हणून जुना बाजार काही रामराज्य नव्हता. तिथं दलाल होता आणि त्याच्या हातावर रुमाल होता. घेणाऱ्याचा हात आणि दलालाचा हात उपरण्याखाली, बोटं दाबून भाव ठरायचा. शेतमालाच्या बाजारातही हेच चालायचं, त्याला 'हत्ता' म्हणत. भाव काय निघाला हे दलाल आणि घेणाऱ्यालाच ठाऊक. विकणारा शेतकरी शेजारी उभा, पण दलाल सांगेल तोच त्याच्यासाठी भाव. मधल्या मधे किती गेलं हे कळायला मार्ग नाही. म्हणून तर बाजार समित्यांचे कायदे आले आणि त्यात उघड लिलावावर भर दिला गेला. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची गुळाची पेठ वसवली, त्या पेठेच्या जिल्ह्यात भाव उघड का असावा हे कुणाला समजावून सांगायला नको. सौद्यातले दोघे समोरासमोर असून भाव झाकलेला असेल तर तिसरा माणूस खातो. हा रुमाल पुढं परत येणार आहे.

मग गाड्या आल्या. मोटार गाड्यांचा देशपातळीवरचा पहिला कायदा १९१४ चा, दुसरा १९३९ चा आणि आता चालू आहे तो १९८८ चा, जो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. एमएच-०९ ही पाटी त्या नव्या पद्धतीतली. पण कायद्यापेक्षा महत्त्वाचा होता तुटवडा. लायसन-परमिटच्या काळात बजाजची स्कूटर नंबर लावून मिळायची, आणि तो नंबर यायला काही वेळा दहा-दहा वर्षं लागायची. त्यामुळं वापरलेली स्कूटर नव्यापेक्षा महाग, वर 'ऑन' द्यावा लागायचा. जुनी गाडी स्वस्त मिळते ही कल्पनाच तेव्हा नव्हती. अशी गाडी मिळायची ती ओळखीतून, गॅरेजच्या मेस्त्रीकडून, नाहीतर बँकेतल्या साहेबाची बदली झाली म्हणून. मेस्त्री इंजिनाचा आवाज ऐकून सांगायचा, घ्या किंवा सोडा. त्याचं दुकान त्याच चौकात असायचं. खोटं बोलला तर उद्या गिऱ्हाईक दारात उभं.

पेपरातल्या छोट्या जाहिराती हा पुढचा टप्पा. जाहिरात देणारा माणूस कार्यालयात किंवा वार्ताहराकडं यायचा, मजकूर लिहून द्यायचा, नाव-पत्ता द्यायचा, पैसे भरून पावती न्यायचा. पेपर त्या गाडीची हमी घेत नव्हता. वाचकांनी स्वतः खातरजमा करावी अशी चौकट छापायचा, आजही छापतो. पण जाहिरात कुणी दिली याचा कागद कुठंतरी असायचा, आणि १८६७ च्या कायद्यापासून पेपरावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापणं सक्तीचं होतं. म्हणजे शेवटी विचारायला एक दार होतं.

हे दार कधी बंद झालं? ओएलएक्स २००६ चं, क्विकर २००८ चं. जाहिरात फुकट, मोबाईल नंबर टाकला की झालं. तरी सुरुवातीला नुकसान मर्यादित होतं, कारण पैसे द्यायला भेटावं लागायचं. खरा बदल २०१६ साली झाला. एप्रिलमध्ये यूपीआयची सुरुवात, सप्टेंबरमध्ये जिओचा स्वस्त डेटा, ८ नोव्हेंबरला नोटबंदी. एकाच वर्षात जाहिरात, बोलणं आणि पैसा तिन्ही एका काचेवर आले. बैलबाजारात जो पैसा सगळ्यात शेवटी होता तो आता सगळ्यात आधी जाऊ लागला. गाडी राहिली फक्त फोटोत.

या बदलाची वाट बघत बसल्यासारखी एक जुनी विद्या तयार होती. हरियाणा, राजस्थान आणि उत्तर प्रदेश जिथं एकमेकांना भिडतात त्या मेवात भागात 'टटलू' नावाचा धंदा जुना. जमिनीत सोन्याची वीट सापडली, गरज आहे, स्वस्तात देतो, असं सांगून लांबच्या माणसाला बोलवायचं आणि पितळेची वीट गळ्यात मारायची. पुढं विटेच्या जागी गाडीची जाहिरात आली आणि गिऱ्हाइकाला तिथवर बोलवायचीही गरज उरली नाही. एप्रिल २०२३ च्या शेवटी हरियाणा पोलिसांनी नूह जिल्ह्यात सुमारे ५ हजार पोलिस घेऊन १४ गावांवर एकाच वेळी छापे घातले. ६६ जणांना अटक झाली, आणि देशभरातल्या सुमारे २८ हजार तक्रारींचे धागे, साधारण १०० कोटींची फसवणूक, तिथवर पोचल्याचं पोलिसांनी सांगितलं. त्या भागातले सगळेच लोक तसे, असा याचा अर्थ काढू नका. धंदा एका टोळीचा असतो, बदनामी अख्ख्या मुलखाची होते.

आणि हे फक्त आपल्याच देशात घडलेलं नाही. रुमानियातल्या रम्निकू वल्चा नावाच्या गावातून ईबेवर अमेरिकेतल्या लोकांना नसलेल्या गाड्या विकल्या जात होत्या. तिकडच्या फसवणुकीतही एक गोष्ट ठरलेली असायची, "मी सैनिक आहे, परदेशी पोस्टिंग झालं, म्हणून गाडी स्वस्तात काढतोय."

सैनिकच का? गिऱ्हाइकाच्या मनात तीन शंका येतात. इतकी स्वस्त का? भेटता का येत नाही? तुमच्यावर विश्वास का ठेवू? "आर्मीत आहे, बदली झाली" या एका वाक्यात तिन्हीची उत्तरं मिळतात. आणि आपल्या भागात तर हे वाक्य काळजाला भिडतं. शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी, साताऱ्यात अपशिंगे मिलिटरी, गावाच्या नावातच फौज. आपल्याकडं ज्या घरात फौजी नाही त्या घराच्या सोयरिकीत तरी असतोच. फौजी खोटं बोलणार नाही, हा विश्वास कुणी जाहिरात करून मिळवलेला नाही, पिढ्यांच्या नोकरीतून मिळवलेला आहे. भामटा व्हॉट्सॲपवर वर्दीतला फोटो, कँटीन कार्ड, आधार पाठवतो. ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाचं तरी चोरलेलं असतं. तो आपले पाच-दहा हजार नेतो, आणि उद्या खरा जवान सुट्टीवर येऊन आपली बुलेट विकायला काढेल तेव्हा लोक त्याच्याकडं संशयानं बघतील. हे नुकसान कुठल्या तक्रारीत लिहिलं जात नाही.

आता पद्धत बघा. आधी "गाडी आर्मीच्या ट्रान्सपोर्टनं घरपोच पाठवतो, फक्त दोन हजार भरा." मग पॅकिंग केलेल्या स्कूटरचा फोटो आणि बिल्टी. मग गेटपास, मग विमा, मग जीएसटी, "परत मिळणारे आहेत, सर." दोन हजार अडकले म्हणून पाच भरायचे, सात अडकले म्हणून दहा. लष्कर कुणाची विकलेली स्कूटर घरपोच करत नाही. जवानानं विकली तरी गाडी आरटीओच्या फॉर्म २९ आणि ३० वरच नावावर होते.

विकणाराही सुटत नाही. "पैसे पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका." पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले. १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर एका व्यक्तीनं दुसऱ्याकडं पैसे मागण्याची 'कलेक्ट' सोय बंद झाली ती अशा फसवणुकीमुळंच. क्यूआरची युक्ती मात्र चालू आहे.

तिसरा प्रकार सगळ्यात हुशारीचा. तुमची खरी जाहिरात भामटा उचलतो आणि कमी भाव टाकून स्वतःच्या नंबरानं परत टाकतो. घेणाऱ्याला सांगतो, "गाडी माझ्या मेव्हण्याकडं आहे, जाऊन बघा, पण पैशाचं त्याच्याशी बोलू नका, आमचा घरचा व्यवहार आहे." विकणाऱ्याला सांगतो, "माझा माणूस येतोय, त्याच्यासमोर भाव काढू नका." दोघे समोरासमोर, गाडी खरी, कागद खरे, तरी पैसे तिसऱ्याच्या खात्यात. ओळखलंत? हा तोच रुमाल आहे. जो कोणी म्हणेल की समोरच्याशी भावाचं बोलू नका, त्याच्याशी सौदा तिथंच मोडा.

म्हणजे करायचं काय? नवीन काही नाही, बैलबाजाराचा क्रम परत आणायचा.

दात बघा. आरसी बुक, चेसिस नंबर, इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून बघा. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून गाडी, विमा, कर्जाचा बोजा बघा, दंडाची चलनं बाकी आहेत का तेही बघा. कर्ज असेल तर फायनान्सची एनओसी आणि फॉर्म ३५ हवाच. पण ॲपवर माहिती बरोबर आली म्हणजे जाहिरात देणारा मालक ठरत नाही, फोटो आणि नंबर दुसऱ्याच्या गाडीचेही असतात.

चालवून बघा, आणि जाणता माणूस न्या. गाडी पुण्या-मुंबईत असेल तर आपल्या तालुक्याला पाहुण्यांची काय कमी? निम्मा शाहूवाडी मुंबईत आहे. एक फोन करा, "दादा, तेवढी गाडी बघून ये." विकणारा बघू देत नसेल तर गाडी नाहीच असं समजा.

भाव उघड बोला, तिघं असाल तर तिघांसमोर. आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात पैसे द्या.

पैसा शेवटी. गाडी, चावी, कागद आणि सही केलेले फॉर्म हातात आल्याशिवाय नाही. इसार द्यायचा तर समोर बसून, पावती घेऊन. डीलरकडून घेत असाल तर त्याला आरटीओचं प्राधिकारपत्र आहे का विचारा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला ते लागतं.

विकणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा. नुसता सह्या केलेला फॉर्म देऊन मोकळं होऊ नका. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. सुप्रीम कोर्टानं २०१८ साली स्पष्ट केलंय, गाडी विकली असली तरी आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव आहे, अपघाताची भरपाई त्याच्यावर येते.

आणि एवढं करून कोणी फसलंच तर? पहिल्या तासात १९३० ला फोन. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, लवकर कळवलं तर वाटेत गोठवता येतात. मग शाहूवाडी पोलिस ठाणं किंवा कोल्हापूरचं सायबर पोलिस ठाणं. चॅट, नंबर, व्यवहाराचा क्रमांक काही डिलीट करू नका. जुनं 'चारसोबीस' १ जुलै २०२४ पासून गेलं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, जोडीला आयटी कायद्याचं ६६-ड.

बहुतेक जण तक्रार करतच नाहीत, कारण लाज वाटते. घरी बाप बोलेल, गावात पोरं हसतील. भामट्याचा अर्धा धंदा या लाजेवर चालतो. बैलबाजारात कोणी फसला तर तो चार गावांत सांगायचा, "त्या दलालाकडून घेऊ नका." त्या बोंबाबोंबीनंच पुढच्याचा बैल वाचायचा. मोबाईलवर तसा ओरडणारा राहिलेला नाही. म्हणून तुमच्या गावात कोणी फसला असेल तर त्याला हसू नका, त्याला सांगायला लावा.

पोस्ट गावच्या ग्रुपवर टाकायला हरकत नाही. नाव नाही टाकलं तरी चालेल.