कौलांवरील छाप : इतिहासाचे एक साधन

स्कॉटलंडमधील ग्लेनबोइग येथे बनलेल्या भट्टीच्या विटांवर त्या गावाचे नाव ठसवलेले असे. अशा जुन्या विटा जमवून, छापावरून कारखाना ओळखणारे हौशी अभ्यासक तिथे आहेत. पोलादाच्या भिलाईत भट्टीची वीट नवीन नाही. पण मराठी मुलखात हा अभ्यास करायचा तर कोकण-गोव्यातील मंगळुरी कौले पाहावीत.

बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला. मळलेली माती साच्यात दाबली की साच्यातली उलटी अक्षरे कौलावर सुलटी उठत. कारखान्याच्या नावासोबत ‘1865’ हा आकडाही त्यात असे. तो वाचून ‘घर 1865 चे’ असे अनेकदा सांगितले जाते. हा निष्कर्ष चुकीचा आहे. ते कारखान्याच्या स्थापनेचे वर्ष आहे, कौल भाजल्याचे नव्हे.

पहिल्या महायुद्धानंतर मिशनचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. म्हणून ‘कॉमनवेल्थ’ छापाचे कौल त्यानंतरचे, एवढे खात्रीने म्हणता येते. घराचे वय मात्र त्यावरून ठरत नाही. गवताने शाकारलेल्या जुन्या घरावर पुढे कौले चढली असतील, किंवा पाडलेल्या घराची कौले नव्या घरावर आली असतील.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, पाडल्या जाणाऱ्या घराचे कौल उचलण्याआधी गाव, घर, छपरावरील जागा आणि दिनांक वहीत लिहा. ही नोंद नसेल, तर छापावरून कारखाना कळेल. घराचा इतिहास कळणार नाही.