कामला आणि कावीळ : गोंदिया जिल्ह्याच्या अनुषंगानें कांहीं विचार

जुन्या बाडांचा संग्रह करणारांस एक अनुभव वारंवार येतो. बाड ज्योतिषाचें असो कीं हिशेबाचें, त्याच्या अखेरच्या कोऱ्या पानावर कोणीतरी घरगुती औषधांची याद लिहून ठेवलेली असते, आणि त्या यादींत विंचवाच्या उताऱ्याशेजारीं कावीळीचें औषध बहुधा असतेंच. अशा यादी जपून ठेवण्याजोग्या आहेत यांत शंका नाहीं. परंतु त्या वाचतांना एक प्रश्न आधीं सोडविला पाहिजे, तो हा कीं, लिहिणारानें 'कावीळ' हा शब्द कोणत्या रोगास लावला होता ? आमचें मत असें आहे कीं, कावीळ हें एका रोगाचें नांव नसून एका लक्षणाचें नांव आहे. ही गोष्ट आपल्या प्राचीन ग्रंथकारांस पुष्कळ अंशीं ठाऊक होती. आपण मात्र ती विसरलों.

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील पन्नासाव्या सूक्तांत व अथर्ववेदाच्या पहिल्या कांडांतील बाविसाव्या सूक्तांत 'हरिमा', म्हणजे शरीराचा पिवळेपणा, पोपटादि पक्ष्यांच्या ठायीं जावो अशी प्रार्थना आहे. संहिताकालीं विचार याच्या पुष्कळ पुढें गेला. चरकानें चिकित्सास्थानाच्या सोळाव्या अध्यायांत कामलेचें विवेचन पांडुरोगाच्या प्रकरणांतच केलें. सुश्रुतानें उत्तरतंत्राच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायांत आणि पुढें माधवानें आपल्या निदानग्रंथांत हाच संबंध राखला. चरकाची सूक्ष्म दृष्टि तिच्या भेदांत दिसते. एका कामलेंत पित्त फार वाढून कोठ्यांत व शाखांत पसरतें. दुसरींत कफानें पित्ताची वाट अडते व मल वाटलेल्या तिळांसारखा पांढरट होतो. पहिलीस तो मृदु व कडू द्रव्यांनीं विरेचन सांगतो. दुसरींत आधीं तीक्ष्ण व रूक्ष द्रव्यांनीं कफ जिंकावा आणि मलास रंग येईपर्यंत तोच क्रम चालवावा असें सांगतो. जुनाट झालेली ती कुंभकामला, व तिला तो कष्टसाध्य म्हणतो. आधुनिक वैद्यकही रक्तपेशी फुटणें, यकृत बिघडणें आणि पित्ताची वाट अडणें अशीं पिवळेपणाचीं तीन कारणें मानतें. चरकाचे भेद यांशीं तंतोतंत जुळतात असें म्हणणें साहसाचें होईल, आणि विषाणूची कल्पना तर त्यास नव्हतीच. तथापि डोळे पिवळे दिसतांच सर्वांस एकच औषध द्यावें ही रीति त्याची नव्हे, एवढें निश्चित.

आतां आमच्या प्रांताकडे वळूं. १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा हा वैनगंगेच्या खोऱ्यांतील तलावांचा व धानाचा मुलूख. येथें पिवळ्या डोळ्यांमागें यकृताचा विषाणू असूं शकतो, तसाच हिवतापही असूं शकतो. आणि पूर्व विदर्भांत आनुवंशिक सिकलसेल हा रक्तविकार पुष्कळ आढळतो. नागपूरचे शुक्ला व सोळंकी यांनीं मध्य भारतांतील या विकाराविषयींचा लेख १९५८ सालीं प्रसिद्ध केला होता. असें असूनही आमच्या शिक्षकीच्या काळांत जें घडलें तें येथें सांगणें प्राप्त आहे. आमच्या वर्गांतील एका मुलाचे डोळे दर पावसाळ्यांत पिवळे होत व हातपाय ठणकत. त्याच्या गळ्यांत पुनर्नव्याच्या काड्यांची माळ घालीत. ती छातीवरून बेंबीपर्यंत उतरली म्हणजे कावीळ उतरली असें घरचीं माणसें समजत. आम्हीही तसेंच समजलों, इतकेंच नव्हे तर एकदां आम्हीच त्यास माळ घालणाराकडे घेऊन गेलों. पुढें रक्ताची तपासणी झाली तेव्हां तो सिकलसेलचा रोगी ठरला. पण तोंवर कित्येक वर्षें फुकट गेलीं होतीं. कामला पांडुरोगाच्या प्रकरणांत कां आहे, हा प्रश्न संस्कृत शिकविणाऱ्या आमच्या मनांत त्या वेळीं आला नाहीं, याची खंत अद्याप आहे.

माळेचें रहस्य साधें आहे. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या गांठींत अडकविलेले असतात. ते सुकून बारीक होतात, गांठी सरकतात व माळ लांबते. निरोगी माणसाच्या गळ्यांतही ती तशीच लांबेल. नाकांत कडू दोडक्याचा रस पिळल्यावर वाहणारें पिवळें पाणी हें नाकाच्या दाहाचें फळ होय. यकृतांतील पित्त त्या वाटेनें बाहेर येत नाहीं. मग या उपायांस यश कां येतें ? दूषित अन्नपाण्यानें होणारे हिपॅटायटिस ए व ई हे बहुतेकांस कांहीं आठवड्यांत आपोआप सोडून जातात, आणि श्रेय शेवटच्या उपचारास मिळतें.

परंतु 'बहुतेकांस' म्हणजे सर्वांस नव्हे. दिल्लींत १९५५-५६ सालीं यमुनेच्या पाण्यांत मैला मिसळून सुमारें २९,००० लोकांस कावीळ झाली. ती साथ ई प्रकारची होती हें पुष्कळ वर्षांनीं कळलें. महाराष्ट्रांत १९८१ सालीं कोल्हापुरास व २०१२ सालीं इचलकरंजीस पाण्यावाटे कावीळीच्या साथी आल्या. गर्भाच्या अखेरच्या महिन्यांतील स्त्रियांस ई प्रकार विशेष घातक ठरतो. बी व सी हे रक्तावाटे किंवा मातेकडून बालकास होणारे प्रकार त्याहून निराळे. त्यांत कित्येकदां डोळे पिवळे होतच नाहींत, आणि यकृत मात्र वर्षानुवर्षें आंतून कठीण होत जातें. बी प्रकारावर लस आहे. सी प्रकार बहुधा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनीं बरा होतो. २०१८ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांत या दोहोंची तपासणी व औषधें मोफत ठेवलेलीं आहेत.

वनस्पती अगदींच टाकाऊ आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. भुईआवळीनें बी प्रकारांत गुण येतो असा निष्कर्ष मद्रासच्या संशोधकांनीं १९८८ सालीं प्रसिद्ध केला. पुढील परीक्षांत त्यास भक्कम आधार मिळाला नाहीं. पण परीक्षा करून पाहणें हाच खरा मार्ग होय.

सबब संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, कावीळीच्या यादी जरूर उतरून घ्याव्या. लक्षणें, ऋतु, मलाचा रंग, माळ, पथ्य यांपैकीं जें जें लिहिलें असेल तें एका अक्षराचाही फरक न करतां नोंदवावें. मात्र त्या यादीवरून घरच्या रोग्यास औषध देऊं नये. आधीं त्याचें रक्त तपासून घ्यावें. ज्या ग्रंथांचा आपण अभिमान बाळगतों, त्यांनीं निदान आधीं व औषध मागाहून, हाच क्रम घालून दिलेला आहे.