घड्याळ कोणत्या सूर्यावर लावायचे?

नाशिकला माध्यान्ह घड्याळातल्या बाराला होत नाही. वर्षाच्या सरासरीने पाहिल्यास सूर्याला सुमारे पस्तीस मिनिटे उशीर होतो. हा उशीर अर्थातच सूर्याचा नव्हे, १ जानेवारी १९०६ रोजी अमलात आलेल्या भारतीय प्रमाणवेळेचा आहे. ती ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून मोजतात आणि नाशिक त्याच्या बरेच पश्चिमेला आहे. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटे, हा त्यामागचा साधा हिशेब.

त्याआधी गावोगावची वेळ त्या त्या गावच्या सूर्यावरून ठरे. रेल्वेला हे परवडणारे नव्हते. तिने मद्रासची वेळ स्वीकारली. ती नाशिकच्या स्थानिक वेळेच्या सव्वीस, तर मुंबईच्या तीस मिनिटे पुढे होती. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी हीच वेळ मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांवर लादू पाहिली. लोकविरोधामुळे तो बेत सोडावा लागला. १९०६ ची प्रमाणवेळ तर मुंबई वेळेच्या एकोणचाळीस मिनिटे पुढे होती. पहाटे गिरणी गाठणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने ती झोपेतून वजा झालेली मिनिटे होती. त्याच जानेवारीत गिरणी कामगारांनी निषेध केला.

या विरोधाकडे केवळ वंगभंगोत्तर स्वदेशीच्या लाटेचा भाग म्हणून पाहणे अपुरे ठरेल. परकीय सत्ता १९४७ मध्ये गेली. मुंबई महापालिकेची घड्याळे मात्र त्यानंतरही काही काळ मुंबई वेळेवरच चालली. शिवाय जिचा कैवार घेतला गेला, ती मुंबई वेळही प्रत्यक्ष सूर्याची नव्हती. गणिताने काढलेल्या मध्यम सूर्याची होती. मराठीत आपण घड्याळ 'लावतो', आणि लावण्यासाठी आधी कोणाचे तरी प्रमाण मानावे लागते. वाद त्या मानण्याविषयी होता.

पृथ्वीची गतीही पूर्णतः समान नाही. म्हणून १९७२ पासून जगाच्या घड्याळांत सत्तावीस 'लीप सेकंद' मिळवले गेले. शेवटचा भारतात १ जानेवारी २०१७ च्या पहाटे साडेपाचला आला. २०३५ पर्यंत ही काटेकोर जुळणी सैल करण्याचे २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरले. सेकंदाचा हा वाद तज्ज्ञांच्या बैठकीत मिटला. एकोणचाळीस मिनिटांचा वाद मात्र रस्त्यावर आला होता, कारण त्यात माणसांचा दिवसच सरकला होता. नाशिकच्या सूर्योदयाची वेळ आजही वेगळी काढावी लागते, ती पंचांगासाठी. प्रमाणवेळ स्वीकारूनही आपण स्थानिक सूर्य पुरता सोडलेला नाही, हेच त्यातून दिसते.