कर माफ करू की विद्यापीठ देऊ?

राजेहो, भाच्याकडे नेदरलँड्सला गेलो होतो तेव्हाचे फोटो टाकले, तर निम्म्या लोकांनी विचारलं, "ट्युलिप पाहिले का?" नाही पाहिले. हंगाम संपला होता. पण एका शनिवारी ॲमस्टरडॅमहून रेल्वेनं लायडनला गेलो, अर्धा-पाऊण तासाचा प्रवास, आणि तिथं जे पाहिलं ते ट्युलिपपेक्षा जास्त दिवस डोक्यात राहिलं.

गाव फार मोठं नाही. कालवे, सायकली, एक जुनी पवनचक्की, आणि मधोमध मातीच्या टेकाडावर बांधलेली गोल गढी. आपल्याकडच्या गढ्यांची आठवण येते, फक्त ही नीट ठेवलेली आहे. चित्रकार रेम्ब्रांटचा जन्म याच गावचा, १६०६ चा. पण गोष्ट त्याच्याही आधीची आहे.

१५७४ साल. हा मुलूख तेव्हा स्पेनच्या राजाच्या ताब्यात होता आणि डच लोकांनी बंड केलं होतं. स्पॅनिश फौजेनं लायडनला वेढा घातला. मे महिन्याच्या शेवटी वेढा पडला तो ३ ऑक्टोबरपर्यंत. धान्य संपलं, रोगराई आली, हजारो माणसं मेली. असं सांगतात की लोक शरण जाऊ म्हणायला लागले तेव्हा नगराध्यक्ष व्हान डर वेर्फ म्हणाला, हवं तर माझा हात कापून खा, पण दार उघडणार नाही. खरं-खोटं देव जाणे, पण गावात त्याचा पुतळा आहे.

सुटका कशी झाली? बंडखोरांनी स्वतःच्याच हातानं समुद्र अडवणारे बांध फोडले. शेतात पाणी घुसवलं. पिकं बुडाली, पण पाणी चढलं तसे सपाट तळाच्या नावांतून लोक धान्य घेऊन गावापर्यंत आले आणि वेढा उठला. नावांतून आला हेरिंग मासा आणि पांढरा पाव. अजूनही दर ३ ऑक्टोबरला गावात तेच वाटतात. आणि घराघरात गाजर-कांद्याचा घोटलेला रस्सा होतो. आता त्यात बटाटा असतो. तेव्हा बटाटा तिकडं पोचायचा होता.

आता आपल्याकडं बघा. त्याच सुमारास, १५७४ च्या आसपासच, अहमदनगरच्या निजामशाहीनं वऱ्हाडची इमादशाही बुडवली. नरनाळा आणि गाविलगड दोन्ही पडले. म्हणजे तिकडं एक गाव वेढ्यातून सुटत होतं आणि इकडं आपलं राज्य वेढ्यात संपत होतं. आपल्या शाळेच्या पुस्तकात मला तरी ही ओळ सापडली नव्हती.

वेढा उठल्यावर विल्यम ऑफ ऑरेंजनं गावाला बक्षीस दिलं. लोककथा अशी की त्यानं विचारलं, कर माफ करू की विद्यापीठ देऊ? आणि उपाशी, निम्मं उजाड झालेलं गाव म्हणालं, विद्यापीठ द्या. निवड खरंच अशी झाली असेल असं मला वाटत नाही, गोष्ट फारच गोड आहे. पण ८ फेब्रुवारी १५७५ ला, म्हणजे चार महिन्यांत, विद्यापीठ उघडलं हे पक्कं. आणि गंमत म्हणजे सनद काढली ती स्पेनच्या राजाच्याच नावानं, ज्याच्याविरुद्ध लढत होते! कागदावर तोच राजा होता ना. सरकारी कागदाची ही कसरत आपल्याला नवीन नाही. पैसा आला मठांच्या जप्त केलेल्या मिळकतीतून.

मग काय काय झालं तिथं! १५९० ला वनस्पतीबाग सुरू झाली, ती अजून आहे, आम्ही तिथं दोन तास काढले. १९०८ ला ओनेस या प्राध्यापकानं हेलियम वायूचं पाणी करून दाखवलं. आइन्स्टाइन तिथं पाहुणा प्राध्यापक होता. २६ नोव्हेंबर १९४० ला जर्मन फौजा देशात असताना क्लेव्हेरिंगा नावाच्या प्राध्यापकानं ज्यू सहकाऱ्यांना काढून टाकल्याविरुद्ध भर सभागृहात भाषण केलं. पोरांनी संप केला, विद्यापीठ बंद पडलं, त्याला तुरुंग झाला.

बागेत फिरताना आपली माणसं आठवली. कोचीनच्या डच गव्हर्नरानं, व्हान रेडेनं, मलबारच्या झाडपाल्यावर 'होर्टुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ करून घेतला. माहिती देणाऱ्यांत मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन होता, आणि रंगा भट, विनायक पंडित, आपू भट हे तीन कोंकणी वैद्य. त्यांनी १६७५ ला नागरी अक्षरांत कोंकणीतून दाखला लिहून दिला, की ही माहिती आमची, खरी आहे. महाराजांच्या राज्याभिषेकानंतरचं वर्ष! १६७८ ला पहिला खंड ॲमस्टरडॅमला छापला तेव्हा तो दाखलाही तसाच छापला. त्या खंडावर टीपा लिहिणारा प्राध्यापक लायडनचा. ज्ञान आपल्या वैद्यांचं, पण विद्यापीठ त्यांचं, म्हणून ग्रंथ त्यांचा. (आणि जहाजं मसाल्याच्या कंपनीची. तिनं जावा-बांदा बेटांवर काय केलं ते वेगळ्या पोस्टमध्ये.)

परतताना भाच्यानं विचारलं, "मामा, आपल्या जिल्ह्यात का नाही?" विदर्भातल्या पाच जिल्ह्यांचं मिळून अमरावतीला एक विद्यापीठ, तेही १९८३ पासूनचं. देऊळघाटहून दोनशेच्या आसपास किलोमीटर. तेवढ्या अंतरात हॉलंड देशाची एक टोकापासून दुसऱ्या टोकाची बरीचशी गावं उरकतात. उपकेंद्र, संशोधन केंद्र, निदान एक बरं ग्रंथालय, यातलं काही निवडणुकीच्या भाषणात मी ऐकलेलं नाही. रस्ता आणि सभामंडप मात्र प्रत्येक वेळी ऐकतो. मागणारे आपणच आहोत, कोणी आपल्याला विचारलं तर आपण काय मागू, हे जरा खाली लिहा.

पुढच्या रविवारी नरनाळ्याला जायचा विचार आहे. गाडीत तीन जागा आहेत. येणाऱ्यांनी डबा आपापला आणायचा.