‘किती दिवस?’ : यकृताचा कर्करोग, टेस आणि आयुष्याचा अंदाज

आजचा विषय जरा जड आहे. यकृताचा कर्करोग झालेल्या रुग्णाच्या जांघेतून बारीक नळी घालतात, ती गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमनीपर्यंत नेतात, तिथंच केमोथेरपीचं औषध सोडतात आणि ती वाट बुजवून टाकतात. डॉक्टर याला ‘टेस’ म्हणतात. हे झालं की बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक विचारतात, “डॉक्टर, आता किती दिवस?” या प्रश्नाला आकड्यांत उत्तर द्यायला वैद्यक कसं शिकलं, ते आज पाहू. त्या गोष्टीत बंगळुरू येतं आणि आपली बार्शीसुद्धा.

सुरुवात यकृताच्या रक्तपुरवठ्यापासून. यकृताला साधारण तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळतं आणि उरलेलं धमनीतून. १९५४ साली ब्रीडिस आणि यंग यांनी दाखवलं, की गाठ मात्र मुख्यतः धमनीच्या रक्तावर पोसते. म्हणजे धमनी बंद केली तर गाठ उपाशी आणि यकृत जिवंत! १९७०च्या दशकात फ्रान्समध्ये डोयों यांनी आणि जपानमध्ये यामादा यांनी हे रुग्णांवर करून पाहिलं. पुढे औषध लिपिओडॉलमध्ये मिसळून देऊ लागले. लिपिओडॉल म्हणजे आयोडीन जोडलेलं खसखशीचं तेल. हो, अनारशाला लावतो तीच खसखस. हे तेल गाठीत बराच काळ टिकतं आणि एक्स-रेमध्ये दिसतं.

गाठी आकसू लागल्या. पण माणूस जास्त जगतो का? १९९५ साली फ्रेंच डॉक्टरांच्या चाचणीनं थंड पाणी ओतलं. गाठीची वाढ रोखली गेली, पण अनेकांचं यकृतच ढासळलं आणि आयुष्य खात्रीनं वाढलं असं म्हणता आलं नाही. मग २००२ साली हाँगकाँग आणि बार्सिलोना इथून दोन चाचण्या आल्या. हाँगकाँगमध्ये टेस घेतलेल्यांपैकी दोन वर्षांनी ३१ टक्के हयात होते, न घेतलेल्यांपैकी ११. बार्सिलोनात हेच आकडे ६३ आणि २७ होते. माझ्या मते नळी आणि औषधाइतकंच महत्त्व होतं ते टेस कुणाला द्यायची, या निवडीला. ज्याचं यकृत तग धरेल, त्यालाच द्यायची.

ही निवड करण्याची मोजपट्टी आधीच तयार होती आणि गंमत म्हणजे ती कर्करोगासाठी बनलेलीच नव्हती. चाइल्ड आणि टर्कोट यांनी १९६४ साली आणि पग यांनी १९७३ साली ती बनवली, सिरॉसिसच्या रुग्णाला शस्त्रक्रिया झेपेल का हे पाहण्यासाठी. १९८५ साली जपानच्या ओकुडांनी कर्करोगासाठी चार प्रश्न ठरवले : गाठीनं निम्म्याहून जास्त यकृत व्यापलंय का, पोटात पाणी आहे का, अल्ब्युमिन ३ ग्रॅमच्या खाली आहे का, बिलिरुबिन ३ मिलिग्रॅमच्या वर आहे का. चारातला एकच प्रश्न गाठीबद्दल! बाकीचे तिन्ही यकृतात किती जीव उरलाय, याबद्दल. नातेवाईक मात्र सगळं लक्ष गाठीच्या आकारावर ठेवतात.

खास टेससाठीचे हिशेब अलीकडचे. २०१३ साली ब्रिटनमधून ‘हॅप’ आला. त्यात अल्ब्युमिन, बिलिरुबिन, एएफपी आणि गाठीचा आकार धरतात. २०१९ साली चीनमधून ‘सिक्स अँड ट्वेल्व्ह’ आला. यकृताची स्थिती चांगली असलेल्यांसाठी हा सोपा हिशेब : सर्वांत मोठ्या गाठीचे सेंटिमीटर अधिक गाठींची संख्या. बेरीज ६ पर्यंत असेल तर मध्यमान ४९ महिने, १२ च्या वर असेल तर सुमारे १६. मध्यमान म्हणजे निम्मे रुग्ण त्याआधी गेले आणि निम्मे त्यापुढे जगले. तुमचे वडील कोणत्या निम्म्यात, हे तो आकडा सांगत नाही.

आता प्रश्न असा, की लंडन किंवा चीनचा हिशेब आपल्या माणसांना लागू पडतो का? त्यासाठी आपले रुग्ण पुढे किती जगले हे माहीत हवं. इथे बंगळुरू येतं. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली १९८२ पासून तिथल्या किदवई संस्थेत शहरातल्या कर्करोगाची नोंद सुरू झाली. मुंबईत ती १९६३ पासूनच होती. १९८७ साली बार्शीत देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. १९९८ साली विकसनशील देशांतल्या कर्करुग्णांच्या आयुर्मानावर आंतरराष्ट्रीय ग्रंथ निघाला, त्यात बंगळुरू, मुंबई आणि चेन्नईच्या शेजारी आपली बार्शी होती.

या कामात संगणकापेक्षा पाय जास्त झिजले. आपल्याकडे मृत्यूच्या दाखल्यावर खरं कारण असेलच असं नाही. रुग्ण उपचार घेऊन गावी जातो, भाड्याची खोली बदलतो. म्हणून कर्मचारी पत्ता घेऊन दारात जायचे आणि विचारायचे, “ते आहेत का?” ज्यांचा पत्ताच लागत नाही, त्यांना हिशेबात जिवंत धरलं तर जगण्याची टक्केवारी फुगते. कारण जो तपासणीला परत येत नाही, तो बऱ्याचदा बरा झालेला नसतो.