मुंबई-दिल्ली विमान अंतर ११३७ किमी, मग सव्वादोन तास का लागतात?

गुगलवर दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर लगेच दिसतं. पण त्या आकड्यावरून प्रवासाचा वेळ काढायला गेलात तर गणित चुकतं. का, ते बघू.

अंतर कसं काढतात?
प्रत्येक विमानतळाचे अक्षांश-रेखांश ठरलेले असतात. मुंबई साधारण १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व, दिल्ली २८.५६ उत्तर, ७७.१० पूर्व. पृथ्वी गोल आहे (त्रिज्या सुमारे ६३७१ किमी) असं धरून ‘हॅवरसाइन’ सूत्राने या दोन बिंदूंमधलं सर्वात कमी अंतर काढतात. उत्तर येतं सुमारे ११३७ किमी. रस्त्याने हेच अंतर १४०० किमीच्या आसपास जातं.

मग वेळ जास्त का?
प्रवासी जेट विमान उंचीवर ताशी ८००-८५० किमी वेगाने जातं. त्या हिशेबाने ८०-८५ मिनिटं पुरायला हवीत. पण तिकिटावर साधारण २ तास १० ते २० मिनिटं दिसतात, कारण ती वेळ गेट सोडल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, वर चढताना आणि उतरताना कमी वेग, कधी हवेत घिरट्या, हे सगळं धरलेलं असतं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत.

शिवाय विमान सरळ रेषेत जाईलच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी हवाई क्षेत्र बंद केलं आणि दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या भारतीय कंपन्यांच्या विमानांना वळसा घ्यावा लागला.

जाताना जास्त, येताना कमी
उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. यांना जेट स्ट्रीम म्हणतात. म्हणून मुंबईहून लंडनला जायला जास्त वेळ लागतो, परत यायला कमी.

घड्याळाची गंमत
तिकिटावरच्या दोन्ही वेळा स्थानिक असतात. समजा, जुलैमध्ये मुंबईहून दुपारी १ ला निघून लंडनला संध्याकाळी ६:३० ला पोचलात. दिसायला साडेपाच तास, पण उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं. म्हणजे प्रवास १० तासांचा. हिवाळ्यात हाच फरक साडेपाच तासांचा होतो.

बुकिंग करताना
कनेक्टिंग फ्लाइट असेल तर अंतर बघू नका, पोचण्याची वेळ बघा. सुटण्याची वेळ म्हणजे विमान गेट सोडण्याची वेळ. बोर्डिंग त्याआधीच बंद होतं. दोन विमानांची तिकिटं वेगवेगळ्या पीएनआरवर काढली असतील तर जास्तच सांभाळा. पहिलं विमान उशिरा पोचलं आणि दुसरं चुकलं, तर नव्या तिकिटाचे पैसे बहुतेक वेळा तुमच्याच खिशातून जातात. म्हणून स्वस्त तिकिटावर बोट ठेवण्याआधी मधला वेळ मोजा.